विश्लेषण : तिकीट आहे, पासपोर्टही आहे, तरी विमानात का बसू दिले जात नाही?

पासपोर्टची मुदत संपायला अजून पाच महिने आहेत. तिकीट कन्फर्म आहे, हॉटेलचे पैसे भरून झाले आहेत, बॅगा वजन करून बांधल्या आहेत. तरीही विमानतळावर चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी पासपोर्ट उलटसुलट करून पाहतो आणि ‘तुम्हाला पाठवता येणार नाही’ असे सांगतो. परदेशी सहलींचे प्रमाण वाढल्यापासून असे प्रसंग अनेक कुटुंबांच्या वाट्याला येत आहेत. यातले बहुतेक घोळ घरबसल्या, तिकीट काढण्यापूर्वीच टाळता येण्यासारखे असतात.

प्रवाशाला अडवते कोण?

अनेकांचा समज असा की, कागदपत्रे तपासण्याचे काम इमिग्रेशन अधिकाऱ्याचे. प्रत्यक्षात टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट जुळते का एवढेच पाहतो. त्यानंतरचा खरा निर्णय विमान कंपनीच्या काउंटरवर होतो. भारतीय इमिग्रेशनचा अधिकारी त्याच्याही नंतर भेटतो.

विमान कंपनी इतकी काटेकोर का, याचे उत्तर दंडात आहे. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेऊन उतरवला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, शिवाय दंडही बसतो. ब्रिटनमध्ये हा दंड प्रत्येक प्रवाशामागे २,००० पौंडांपर्यंत आहे. भारताने २००० साली याच कारणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात प्रत्येक प्रवाशामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट’ने घेतली आहे.

काउंटरवरचा कर्मचारी नियम पाठ करून बसलेला नसतो. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ‘टिमॅटिक’ नावाची माहिती प्रणाली त्याच्यासमोर असते. प्रवाशाचे नागरिकत्व, जाण्याचे ठिकाण, मधला थांबा आणि पासपोर्टची मुदत टाकली की कोणती कागदपत्रे हवीत, ते तिथे दिसते. त्यात ‘नाही’ आले तर विनवण्यांचा फारसा उपयोग होत नाही.

सहा महिन्यांचा नियम नेमका कसा मोजतात?

सर्वाधिक घोळ इथेच होतो. इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. ती साधारणपणे त्या देशात पोहोचण्याच्या तारखेपासून मोजतात. ज्या दिवशी तिकीट काढले, त्या दिवशी सहा महिने शिल्लक होते, याला काही अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. नाशिकचे चौघांचे कुटुंब १० नोव्हेंबर २०२६ रोजी, दिवाळीच्या सुट्टीत बालीला उतरणार आहे. म्हणजे चौघांचेही पासपोर्ट किमान १० मे २०२७ पर्यंत वैध हवेत. आई-वडिलांचे पासपोर्ट २०३१ पर्यंत आहेत, मोठ्या मुलीचाही ठीक आहे. धाकट्या मुलाचा पासपोर्ट मात्र १४ एप्रिल २०२७ ला संपतो. २६ दिवस कमी पडले. नियमानुसार अडतो फक्त मुलगा, पण सहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवून तिघे जाणार कसे?

हा घोळ मुलांच्याच बाबतीत का होतो, तेही सोपे आहे. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. मुलांचा पाच वर्षांचा किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच असतो. पालक स्वतःची तारीख लक्षात ठेवतात आणि मुलांची तीच असेल असे गृहीत धरतात.

त्यात बालीसारख्या ठिकाणी व्हिसा उतरल्यावर मिळतो. अमेरिका किंवा युरोपचा व्हिसा काढताना दूतावास पासपोर्ट पाहतो, त्यामुळे मुदतीची अडचण महिनाभर आधी कळते. ‘व्हिसा ऑन अरायव्हल’च्या देशांत ही आधीची चाळणीच नाही. पासपोर्ट नीट पाहणारा पहिला माणूस थेट चेक-इन काउंटरवर भेटतो, आणि तेव्हा विमान सुटायला दोन-अडीच तास उरलेले असतात. सोप्या व्हिसाच्या देशांतच लोक जास्त अडकण्याचे हे एक कारण आहे.

सगळीकडे सहा महिनेच लागतात असेही नाही. युरोपातील शेंगेन देशांत परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी. ब्रिटनमध्ये मुक्काम संपेपर्यंत पासपोर्ट वैध असला तरी चालते.

नावाचा गोंधळ मराठी माणसाला जास्त का छळतो?

आपले नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’. मधले नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’मध्ये येते. तिकिटाच्या ॲपवर ते कधी भरले जाते, कधी गळते. पासपोर्टवर जसे आहे तसेच भरणे सर्वांत सुरक्षित.

कोणते नाव ग्राह्य धरायचे असा प्रश्न पडला तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी पाहावे. तिथे प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आधी आडनाव, मग दोन बाणांच्या खुणा आणि नंतर नाव येते. काउंटरवरचे यंत्र याच ओळी वाचते. तिकिटावर ‘अमितरमेशएमआर’ असे सगळे चिकटून छापलेले दिसले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ती आरक्षण प्रणालीची जुनी सवय आहे, चूक नव्हे.

लग्नानंतरची पहिली परदेशवारी हा वेगळाच विषय. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलते. पत्रिकेत नवे नाव, तिकीट काढणाऱ्या दिराच्या फोनमध्ये नवे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे. अशा वेळी तिकीट माहेरच्या नावानेच काढावे लागते. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे असे बंधन नाही. तसे २०१७ मध्ये पंतप्रधानांनीही जाहीर केले होते. स्पेलिंगमधील एखाद-दुसरे अक्षर बहुतेक कंपन्या दुरुस्त करून देतात. पूर्ण नाव बदलायचे म्हटले तर ते दुसऱ्याच प्रवाशाचे तिकीट ठरते.

आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी अधिक जपावे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम आणला. वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असल्यास चालेल, असा खुलासा नंतर झाला. पण काउंटरवर त्यावरून वाद घालत बसण्यापेक्षा आडनाव नोंदवून पासपोर्ट नव्याने घेतलेला बरा.

फाटलेले पान चालते का?

नाही. भिजून शाई पसरलेली, लॅमिनेशन सुटलेले, तळाच्या दोन ओळी पुसट झालेल्या, एवढ्यावरूनही अडवले जाऊ शकते. पान फाडणे तर गुन्हाच. बँकॉक किंवा मालदीवच्या सहली घरच्यांपासून लपवण्यासाठी शिक्के असलेली पाने फाडणाऱ्या प्रवाशांवर मुंबई विमानतळावर गुन्हे दाखल झाले आहेत. पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आपल्याकडे तो केवळ वापरायला दिलेला असतो.

‘ईसीआर’चा शिक्का असेल तर?

हा प्रश्न सहलीपेक्षा रोजगाराचा आहे, आणि कोकणातून किंवा मराठवाड्यातून आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी तो जास्त गंभीर आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ अशी नोंद असते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशियासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तींना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची परवानगी लागते. पर्यटनासाठी ती लागत नाही.

काही एजंट नेमका याच फटीचा फायदा घेतात. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगून माणसाला पाठवले जाते. मुंबईत इमिग्रेशन अधिकाऱ्याला संशय आला तर तो तिथेच थांबवतो. एजंटला दिलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. आणि तिथून सुटून गेलाच, तर परक्या देशात त्याच्या नोकरीचा करार कोणत्याच सरकारी नोंदीत नसतो. पगार थकला तर दाद मागायला हातात कागद उरत नाही. दहावीनंतर पासपोर्ट बदलून घेतला नसेल, तर प्रमाणपत्र दाखवून ही नोंद काढता येते.

विमान बदलताना काय पाहावे?

स्वस्तात पडते म्हणून दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्यांना मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागू शकते. त्यासाठी त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावे लागते, म्हणजेच तिथला व्हिसा हवा. ब्रिटनमध्ये तर विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असले तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असल्यास यात सवलत मिळते. थायलंडने मे २०२५ पासून ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ सक्तीचे केले आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते आणि त्याला शुल्क नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बंद करावे.

नवा पासपोर्ट किती आधी काढता येतो?

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, मुलांसाठी १,००० रुपये आहे. तत्काळसाठी वर २,००० रुपये मोजावे लागतात. हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पासपोर्टच्या बदल्यात ३,००० रुपये लागतात. अर्ज सरकारच्या ‘पासपोर्ट सेवा’ संकेतस्थळावर किंवा ‘एमपासपोर्ट सेवा’ ॲपवरच करावा. चौकशीसाठी १८००-२५८-१८०० हा टोल फ्री क्रमांक आहे. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर तो वाया जात नाही. दोन्ही पासपोर्ट सोबत न्यावे लागतात.

काउंटरवर अडवलेच तर?

कर्मचाऱ्याकडून नियम वाचण्यात चूक होऊ शकते. त्यामुळे शांतपणे वरिष्ठांना बोलावण्याची आणि टिमॅटिकमधील नोंद पुन्हा पाहण्याची विनंती करावी. निर्णय बदलला नाही तर प्रवास नाकारण्याचे कारण लेखी मागावे. पुढे ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा ग्राहक आयोगात तक्रार करायची झाल्यास हाच कागद कामी येतो.

कागदपत्रे खरोखरच अपुरी असतील तर नुकसानभरपाई मिळत नाही, आणि स्वस्त तिकीट असेल तर भाडेही बुडते. मात्र न वापरलेल्या तिकिटावरील सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करणे विमान कंपनीला ‘डीजीसीए’च्या नियमानुसार बंधनकारक आहे. ही रक्कम न मागता खात्यात येईलच असे नाही. अर्ज करून ती मागून घ्यावी.