बळीचा पाडवा

दिवाळी कोणाला फराळासाठी आवडते, कोणाला रोषणाईसाठी, तर कोणाला दिवाळी अंकांसाठी! मला मात्र त्या साऱ्या दिवसांत पाडवाच जवळचा. शहरात पाडवा म्हणजे नवऱ्याला ओवाळायचे आणि तबकात काय पडते ते हळूच पाहायचे. माझ्या माहेरी, भिवंडीजवळच्या राहनाळला, तो बळीराजाचा दिवस असे.

पहाटे अंधारातच आजीची हाक येई, "उठ गो बाय!" सारे घर झाडून केर सुपात भरायचा आणि जुन्या केरसुणीसह गावाबाहेर टाकायचा. मागून कोणी डबा बडवीत चाले. 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे पुटपुटत आजी परत फिरे. नंतर गुरे रंगवून पेटत्या पेंढ्यावरून पळवीत.

मला कोडे पडे. वामनाने तीन पावलांत ज्याचे सर्वस्व घेतले, त्या हरलेल्या राजाचे राज्य कशाला मागायचे? आजोबा म्हणत, "जमीन जाणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक, त्यालाच बळी कळतो." महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले. आजोबांनी ते पुस्तक वाचले नव्हते. पण ते स्वतः कूळ होते. भाताचा मोठा वाटा खळ्यावरूनच मालकाकडे जाताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता.

अलिबागजवळच्या चरीत आगरी कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप चालवला, त्याच्या गोष्टी आमच्या ओटीवर चालत. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक ठरली. किंमत मात्र भरावी लागे. आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने भरली. लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर दागिना नसे, त्या हप्त्यांच्या पावत्या असत! दुसऱ्या दिवशी येणारा बळी आमच्या घरी खरोखरच आला होता, असे मला तेव्हापासून वाटते.

पुढे गोदामे आली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या उंबरठ्यावर, अशी आमची जागा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. वाचकहो, यंदा तुमच्या घरी खोक्यातून आलेला आकाशकंदील कदाचित आमच्याच भाताच्या खाचरावरून आला असेल!

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळणे झाले, वहिनीने चहा ठेवला आणि दादाने कागद पुढे केले. शेवटचे शेत द्यायचे होते. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. म्हणून बहिणीची सही हवी. साडी घ्यावी आणि हक्क सोडावा, अशी आपल्याकडची रीत. दादा काही लोभी नव्हे. चोहोबाजूंच्या भरावामुळे शेतात पाणी तुंबे, भात कुजे, मजूर मिळत नसे. लेकाचे शिक्षण डोक्यावर होते.

मी म्हटले, "दादा, शेत दे. मी सही करते. पण खळे द्यायचे नाही. त्याच्या सातबाऱ्यावर आपली दोघांची नावे राहू देत."

खळ्याचा तुकडा वेगळा होता, जेमतेम दोन गुंठे. त्यालाही गिऱ्हाईक चांगले होते. दादा बराच वेळ बोलला नाही. वहिनी दाराशी थबकली. मला वाटले, आता माहेर तुटते की काय! शेवटी तो म्हणाला, "बरे आहे. पाडव्याचा केर टाकायला तुला जागा हवीच ना!" आणि मग तिघेही हसलो. हसता हसता दादाने डोळे पुसले.

आज दोन गोदामांच्या भिंतींमध्ये ते खळे आहे. तिथे भात मळला जात नाही, गुरे नाहीत. पाडव्याला आम्ही तिथे पणती लावतो, पोहे खातो, आणि नातवंडांना त्या पावत्या दाखवतो. कागद पिवळे पडले आहेत, पण आजोबांची सही अजून वाचता येते.

बळीचे राज्य केव्हा यायचे ते येवो. तो आलाच, तर त्याला पाय टेकायला राहनाळात तीन पावले जागा आम्ही बहीणभावांनी राखून ठेवली आहे.