डास, पाऊस आणि मासळीचा कागद

अद्भुत कादंबरी म्हटली की डोळ्यांपुढे काय येतं? उडता गालिचा, राक्षसाचा किल्ला, जादूची कांडी! पण कथानक पुढे ढकलायला कांडीची गरज नसते. हवी असतात हाडामांसाची माणसं आणि ओळखीची जागा.

खात्री करून घ्यायची तर कोलकात्यात एस्प्लनेडला मेट्रोत बसावं. देशातली पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी इथूनच धावली. दक्षिणेकडे तिसरं स्टेशन रवींद्र सदन. तिथून जवळच, पूर्वीच्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयापाशी, रोनाल्ड रॉस यांचं १९२७ सालचं स्मारक आहे. डासांमधून मलेरिया पसरतो हे पक्ष्यांवर प्रयोग करून रॉस यांनी १८९८ मध्ये याच शहरात सिद्ध केलं. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या स्मारकाच्या आधाराने अमिताव घोष यांनी १९९५ मध्ये ‘द कॅलकटा क्रोमोझोम’ ही कादंबरी लिहिली. १९९७ मध्ये तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. ती विज्ञानकथा, भुताची गोष्ट आणि रहस्यकथाही आहे.

तिचा नायक मुरुगन. रॉसच्या शोधामागे आणखी कुणाचा तरी हात होता, या विचाराने झपाटलेला. त्याच्या जागी एखादा शांत, समाधानी गृहस्थ असता तर कथा पहिल्या पानावरच संपली असती! स्मारक शोधायला निघालेल्या मुरुगनला सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळ पाऊस गाठतो. तो आडोशासाठी रवींद्र सदनात शिरतो आणि थेट रहस्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. कोलकात्यातला पावसाळा इथे नुसतं वर्णन नाही, तो कथेला वळण देतो.

उर्मिला या पत्रकार तरुणीचं पाहा. नोकरी सांभाळून घरचा स्वयंपाकही तिच्याच माथी. सकाळी दारात मासेविक्या येतो. मासळी गुंडाळलेल्या कागदांवर असतात जुन्या दस्तऐवजांच्या झेरॉक्स प्रती, म्हणजेच रहस्याचे धागे! बंगाली घरात मासे येणारच आणि कागद सोडणारही घरची बाईच. हा धागा दुसऱ्या कुणाच्या हाती पडलाच नसता.

लेखक मात्र गंमत करून थांबत नाहीत. स्मारकावर नाव कोणाचं लागतं आणि कोणाचं राहून जातं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. सिकंदराबादच्या प्रयोगात हुसेन खान या रुग्णाने एका डासामागे एक आणा घेऊन स्वतःला डास चावून घेतले. कोलकात्यात महंमद बक्ष नावाचा नोकर रॉसच्या हाताखाली राबला. हे खरे लोक. कादंबरीत प्रयोगशाळेची झाडलोट करणारी मंगला येते आणि साहेबाच्याही पुढचं ज्ञान तिच्यापाशी निघतं! ही अर्थात कल्पनाच. पण झाडणाऱ्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही हे वास्तव आहे, आणि म्हणूनच तिचं गुपित पटतं.

आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला जादूची गोष्ट लिहायची हौस असेल, तर त्याला राक्षस शोधायला पाठवू नका. आपल्या गल्लीत दुर्लक्षित कोण आहे आणि त्या माणसाला काय हवंय, एवढंच विचारा. पुढची वाट ती दोघं मिळून काढतील.