कुलूपबंद मोबाइलचा ‘व्हिसेरा’

‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या वाचकांना नवे नाही. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण स्पष्ट झाले नाही की जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत घालून, सील लावून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. छत्रपती संभाजीनगरला अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पोलीस आणि डॉक्टर तिच्या अहवालाला जुन्या सवयीने अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. तो येईपर्यंत घरचे लोक वाट पाहत राहतात आणि तपासही बराचसा तिथेच अडून राहतो.

आता त्या बरणीच्या जोडीला आणखी एक सीलबंद पाकीट असते. त्यात मोबाइल असतो. माणूस शेवटचा कुणाशी बोलला, कुठे गेला, कुणी त्याला धमकावले, कुणाचे पैसे आले, हे सगळे त्यात असते. पण बरणीचे झाकण कुणालाही उघडता येते, मोबाइलचे कुलूप तसे उघडत नाही. ते उघडण्यासाठी सरकारला पैसे मोजावे लागतात, आणि हा पैसा आपला आहे.

मोबाइलमधला पुरावा किती मोलाचा असतो, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. तपास यंत्रणेने आरोपपत्रासोबत मोबाइलमधून मिळालेल्या चित्रफिती आणि छायाचित्रे जोडली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मात्र मार्च २०२५च्या सुरुवातीला त्यातली छायाचित्रे बाहेर आली आणि बघता बघता घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचली. लहान मुलांनीही ती पाहिली. मोबाइलमधून बाहेर काढलेली माहिती न्याय मिळवून देऊ शकते आणि तीच माहिती एखाद्या कुटुंबाची जखम पुन्हा पुन्हा उघडी करू शकते. म्हणून कुलूप उघडण्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना यंत्राची किंमत पाहून भागत नाही.

कुलूप इतके अवघड का?

चार आकडी पासवर्डच्या शक्यता दहा हजार, सहा आकडीच्या दहा लाख. ॲपल कंपनीने दिलेल्या माहितीनुसार आयफोनला एक आकडा पडताळून पाहायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. सलग प्रयत्न करता आले तर चार आकडी कुलूप १३-१४ मिनिटांत आणि सहा आकडी साधारण २२ तासांत उघडेल. इंग्रजी लहान अक्षरे आणि अंक मिसळून सहा चिन्हांचा पासवर्ड ठेवला, तर सगळ्या शक्यता तपासायला साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागेल. शिवाय फोन सलग प्रयत्न करूच देत नाही. काही चुका झाल्या की तो थांबायला लावतो. तशी सोय चालू करून ठेवली असेल, तर दहा चुकांनंतर आतली माहिती पुसूनही टाकतो. आतली माहिती सांकेतिक रूपात असल्यामुळे फोन फोडून त्यातली चिप काढली तरी हाती काही लागत नाही.

म्हणजे कुलूप तोडणाऱ्याला फोनच्या रचनेत कुठेतरी राहून गेलेली चूक शोधावी लागते. अशा चुका शोधून त्यावर चालणारी यंत्रे बनवणे हा आज जगभरातला मोठा व्यवसाय आहे. इस्रायलची सेलेब्राइट ही त्यातली नावाजलेली कंपनी. अमेरिकेत ‘ग्रेकी’ नावाची छोटी पेटी २०१८ मध्ये चर्चेत आली. तिची किंमत तेव्हा १५ हजार डॉलर सांगितली जात होती, म्हणजे साधारण दहा लाख रुपये. त्या किमतीत ठरावीक संख्येचेच फोन उघडता येत. मर्यादा नको असेल तर दुप्पट पैसे.

सर्वांत गाजलेले उदाहरणही अमेरिकेतलेच. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे दहशतवादी हल्ल्यात १४ जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन उघडायला मदत करा, असा आदेश न्यायालयाने ॲपलला दिला. असे हत्यार एकदा बनले की ते सगळ्यांच्याच फोनवर चालेल, असे सांगून कंपनीने विरोध केला. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने दुसऱ्याच कुणाकडून तो फोन उघडून घेतला. त्यासाठी नऊ लाख डॉलर मोजल्याचे पुढे एका सिनेटरच्या बोलण्यातून बाहेर आले. तेव्हाच्या दराने हे सहा कोटी रुपये होतात. फोनमधून विशेष काही हाती लागल्याचे मात्र पुढे आले नाही. २०१८ मध्ये अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी या प्रकरणाचा अहवाल दिला. एफबीआयच्या आतल्याच विभागांनी एकमेकांशी वेळेवर बोलणे केले नव्हते, असे त्यात दिसले. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही हे वाचून फार आश्चर्य वाटणार नाही.

औषधाला दाद न देणारे जंतू

हा खर्च एकदा करून का संपत नाही, हे डॉक्टरांना लवकर कळते. एखादे प्रतिजैविक बाजारात येते तेव्हा ते जादूसारखे काम करते. काही वर्षांत जंतू त्याला सरावतात आणि मग नवे, आणखी महाग औषध लागते. मोबाइलचेही तेच. एक चूक सापडली की काही महिने यंत्र फोन उघडते. कंपनीला ती कळली की पुढच्या अपडेटमध्ये ती बुजवली जाते आणि यंत्र त्या फोनपुढे हतबल होते. त्यामुळे अशा यंत्रांचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी खरेदी झाली, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला निधी आला नाही, तर यंत्र कपाटात पडून राहते. सरकारी रुग्णालयांत वार्षिक देखभालीच्या करारावाचून झाकून ठेवलेली यंत्रे पाहिलेल्यांना या आजाराची लक्षणे ठाऊक आहेत.

आपल्याकडे यावर खर्च होतो आहे, आणि तो वाढतो आहे. महिला आणि बालकांविरुद्धचे सायबर गुन्हे रोखण्याच्या योजनेतून केंद्राने राज्यांना १३१.६० कोटी रुपये दिले. त्यातून सायबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि पोलिसांना प्रशिक्षण मिळाले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८३७ कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प हाती घेतला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने न्यायवैद्यक सुविधा वाढवण्यासाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची पाच वर्षांची योजना मंजूर केली. हा सगळा पैसा मोबाइल उघडण्यासाठी नाही, पण ते काम याच प्रयोगशाळांमध्ये होणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे प्रयोगशाळेच्या दारातली रांग येत्या काळात लांबणार आहे.

पहिले काही तास

हृदयविकाराच्या झटक्यात ‘गोल्डन अवर’ महत्त्वाचा, हे आता शाळकरी मुलालाही माहीत असते. मोबाइललाही असा काळ असतो. सुरू करून निदान एकदा पासवर्ड टाकलेला फोन पुन्हा कुलूपबंद झाला, तरी त्याच्या स्मृतीत काही किल्ल्या शिल्लक असतात. त्याच फोनची बॅटरी संपली किंवा तो कुणी बंद केला, की त्या किल्ल्या नाहीशा होतात आणि काम कितीतरी पट अवघड होते. २०२४ पासून आयफोनमध्ये एक नवी सोय आली आहे. तीन दिवस कुणी उघडला नाही, तर फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुढच्या वर्षी अँड्रॉइडनेही तसेच केले. जप्त केलेला फोन चार दिवस मुद्देमाल कक्षात पडून राहिला, तर कोट्यवधींचे यंत्र असूनही हात चोळत बसण्याची वेळ येऊ शकते.

यावर उपाय तुलनेने स्वस्त आहे. जप्तीच्या वेळी फोन बंद करायचा नाही, त्याला चार्जर जोडून ठेवायचा, लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवून दूरवरून कुणी माहिती पुसणार नाही हे पाहायचे आणि त्याच दिवशी तज्ज्ञाच्या हाती द्यायचा. त्यासाठी तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदाराला चांगले प्रशिक्षण हवे आणि प्रयोगशाळेत भरलेली पदे हवीत. सीटी स्कॅन यंत्र आले, पण ते चालवायला तंत्रज्ञ नाही आणि चित्र वाचायला रेडिओलॉजिस्ट नाही, अशा रुग्णालयाचा रुग्णाला उपयोग काय?

मनाचे कुलूप

‘पासवर्ड सांगायला लावा, यंत्र कशाला हवे?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे अशी सक्ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटले. पण २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने संमतीशिवाय नार्को चाचणी करायला मनाई केली. तोवर डॉक्टरांच्या हातातली भूल देण्याची सुई तपासाचे हत्यार म्हणून वापरली जात होती. माणसाच्या डोक्यात दडलेला पासवर्ड ठशासारखा मानायचा की साक्षीसारखा, यावर न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एक बाजू घेतली, तर दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये दुसरी. आरोपी गप्प राहिला की यंत्राची गरज भासते, ती अशी.

यंत्रही संमती विचारत नाही. ते फोन उघडते तेव्हा गुन्ह्याशी संबंधित दहा संदेशांसोबत बाकीचे सगळे आयुष्य बाहेर येते. रक्ताचे रिपोर्ट, मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी, मासिक पाळीची नोंद, बायकोशी झालेले भांडण, सगळेच. रुग्ण तपासताना जेवढे आवश्यक तेवढेच उघडायचे, हा वैद्यकातला पहिला शिष्टाचार आहे. तपासालाही तो लागू पडायला हवा.

शिवाय फोन नेहमी आरोपीचाच असतो असे नाही. छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलीचाही फोन पुरावा म्हणून जमा होतो. तिचे बँक खाते, ओटीपी, कॉलेजच्या नोट्स त्याच फोनमध्ये असतात. फोन महिनोन् महिने परत मिळणार नाही, या भीतीने तक्रारच न करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटनच्या सरकारने २०२१ मध्ये बलात्कारपीडितांचा फोन २४ तासांहून जास्त काळ ठेवला जाणार नाही, असे उद्दिष्ट जाहीर केले. फोनची हुबेहूब प्रत काढून मूळ फोन परत करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. प्रत खरी आहे की नाही हे ‘हॅश व्हॅल्यू’वरून कळते. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा बदलतो. व्हिसेराच्या बरणीवरच्या सीलचे काम इथे तो करतो. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्रातही त्याची नोंद करावी लागते.

पुढच्या वेळी अर्थसंकल्पात सायबर प्रयोगशाळांसाठी कोट्यवधींची तरतूद झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा काही प्रश्न जरूर विचारा. यंत्र किती रुपयांचे, एवढेच पुरेसे नाही. पुढच्या तीन वर्षांच्या परवान्याची तरतूद आहे का? ते चालवणारी पदे भरली आहेत का? जप्तीपासून अहवालापर्यंत किती दिवस लागतात, हे कुणी मोजते का? बाहेर काढलेली माहिती कुणी पाहिली याची नोंद राहते का, आणि खटल्याशी संबंध नसलेली माहिती पुसली जाते का? तुमच्या घरातल्या कुणाचा फोन जप्त झाला, तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक आणि प्रत काढली असल्यास तिची हॅश व्हॅल्यू लिहिली आहे ना, हे पाहा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. औषधाच्या चिठ्ठीवर तारीख आणि डॉक्टरची सही आहे ना, हे आपण बघतोच. हे तितकेच साधे काम आहे.