नाताळ म्हणजे काय हो, मावशी?

आज आपण नाताळाबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मात्र आमच्या बचतगटाच्या दंडाच्या वहीपासून करते, कारण हा विषय मला त्या वहीतच सापडला.

गटाची सचिव म्हणून वह्या माझ्याकडे असतात. आमची मासिक बैठक दर महिन्याच्या २५ तारखेला. न सांगता गैरहजर राहिलं की १० रुपये दंड, हा नियम पहिल्याच वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून केलेला. मागच्या वर्षी हिशेब तपासणीसाठी जुन्या वह्या काढल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आमच्या एक मावशी वर्षभर एकही बैठक चुकवत नाहीत, हप्ता कधी थकवत नाहीत. त्यांच्या नावावर दर वर्षी एकच दंड होता आणि तो डिसेंबरचा. चार वर्षांचे ४० रुपये. दंड मीच घेतला होता, अक्षरही माझंच.

मावशी ख्रिस्ती आहेत हे गटात सगळ्यांना माहीत. २५ डिसेंबरला नाताळ असतो हेही माहीत, कारण त्या दिवशी पोरांना शाळेला सुट्टी असते. तरी आम्हा बाकीच्या अकराजणींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. दिवाळीच्या वेळी भाऊबीज जवळ आली तर बैठक पुढे ढकलायचो, त्याचा ठरावसुद्धा लिहायचो नाही.

मी मावशींना म्हटलं, "सांगायचं ना तुम्ही!"

त्या हसल्या. "काय सांगायचं? कॅलेंडर तुमच्याबी भिंतीला हाय की."

मला लाज वाटली. मग त्यांच्या ओट्यावर बसून विचारलं, नाताळ म्हणजे काय हो, मावशी? तुम्ही त्या दिवशी नेमकं करता काय? मावशींनी सांगितलं, आणि पुढे वर्षभर जी ख्रिस्ती बाई भेटली तिला मी हेच विचारत गेले. प्रत्येकीचं उत्तर निराळं.

आधी थोडी माहिती देते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा सण. बायबलमधली गोष्ट अशी की रोमच्या बादशहाने शिरगणती काढली आणि प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं, असा हुकूम सोडला. योसेफ मरियाला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघाला. तिचे दिवस भरत आलेले. तिथे पोचले तर उतारशाळेत जागा नाही. ती बाळंत झाली आणि बाळाला गव्हाणीत निजवलं, म्हणजे गुरांना वैरण टाकतात त्या जागी. ही बातमी पहिल्यांदा मिळाली ती रानात रात्री मेंढरं राखणाऱ्यांना. आपल्याकडचे धनगर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल कोण लोक ते.

जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. २५ डिसेंबरला हा सण रोममध्ये पाळत असत, याची नोंद इसवी सन ३३६ पासूनची मिळते. रशिया, इथिओपिया अशा देशांतल्या चर्चमध्ये जुन्या कॅलेंडरप्रमाणे नाताळ ७ जानेवारीला येतो. आपल्याकडे काही पंचांगांत एकादशी दोन दिवशी येते ना, तसलंच काहीसं.

आणि ही गोष्ट मराठीत कालपरवा आलेली नाही. फादर स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले. इथली भाषा शिकले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत त्यात. आपल्या आज्या जात्यावर गायच्या त्याच घराण्यातली ही ओवी.

आता मावशींचं ऐका. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलपं लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. नाताळ येतो ऐन हंगामात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' म्हणून पैसे कापतात, गावी येऊन जायचा खर्च आणखी वेगळा. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून सुनेने एकही नाताळ घरी केलेला नाही.

"मग तुमचा नाताळ कसा?"

"चोवीसच्या रात्री नातवाला घेऊन देवळात जाते."

आमच्या भागातले जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. तिथे पेटी, तबला, टाळ असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं गातात. टिळक आपल्या नगर भागातच राहिलेले, त्यांच्या पदांची चाल ऐकलीत तर भजनच वाटेल. गाणी सुरू झाली की मावशी मोबाइल लावतात आणि नातवाच्या हातात देतात. तिकडे सांगलीकडच्या फडावर त्याचे आईबाप ऐकतात. गाडी भरायची असेल तर भरता भरता ऐकतात. रेंज गेली की पोरगं पळत बाहेर येतं, पुन्हा लावतं. दुसऱ्या दिवशी, २५ ला, तालुक्याच्या मोठ्या देवळात उपासना असते. पाळकसाहेब बोलतात, सगळ्यांचं जेवण होतं, परत यायला संध्याकाळ होते. तोवर आमची बैठक संपलेली असायची.

मी म्हटलं, म्हणजे तुमच्यासाठी नाताळ पोरांची वाट बघण्याचा सण.

"तसं न्हाई," मावशी म्हणाल्या. "मी सोताबी तोडीला जात हुते. माझा थोरला कोपीत झाला. पाचटाची कोपी, थंडीचे दिवस, जवळ एक म्हातारी तेवढी. पाचव्या दिशी मी उठून मोळ्या बांधल्या. लई राग यायचा देवाचा. मग येकदा देवळात मरियेची गोष्ट सांगत हुते आणि मला वाटलं, हिला ठावं हाय. हिला जागा भेटली न्हवती. तवापास्नं नाताळ माझा सण झाला. त्याच्या आधी नुसता घरच्यांचा हुता."

यावर मी काही बोलले नाही. चहा झाला होता, तो प्यायलो.

दुसऱ्या एक बाई भेटल्या मुंबईला, गटांच्या मालाच्या प्रदर्शनात. त्या वसईच्या, माझ्या शेजारच्या स्टॉलवर सुकेळी विकत होत्या. सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी, वसईची खासियत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्या काळात तिथे ख्रिस्ती वस्ती वाढली. पण ही माणसं शेतीवाडीतली. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, जुन्या बायकांच्या अंगावर लुगडं, चर्चमधली प्रार्थना मराठीत. नाताळाला गल्लीगल्लीत पोरं गवत, माती, पुठ्ठा लावून गोठा उभा करतात. घरोघरी करंज्या होतात. मी म्हटलं, हे तर आमचं दिवाळीचं फराळ! त्या म्हणाल्या, तुमचं कसं? आमच्या आजीच्या आजीपासून आहे की.

पण त्या मन लावून बोलल्या ते ताटाबद्दल. नाताळाला फराळाचं ताट शेजारी द्यायचं, सगळ्या धर्मांच्या घरी. त्यांचे मालक वारले त्या वर्षी घरात काही केलं नाही, दाराला चांदणीचा कंदीलही लावला नाही. तर संध्याकाळपर्यंत ओटा शेजाऱ्यांच्या ताटांनी भरून गेला, आणि त्यातलं पहिलं ताट समोरच्या हिंदू काकूंचं. काकूंना करंजी जमते, केक जमत नाही, म्हणून फक्त करंज्याच आणल्या. आपल्याकडेही वर्षसण नसतो तेव्हा शेजारी फराळ देतात, तशीच ही रीत. त्या म्हणाल्या, "लोकांना नाताळ म्हटलं की केक आठवतो. मला ती ताटं आठवतात. त्या वर्षी मला समजलं, मी इतकी वर्षं ताटं का पाठवत होते ते."

एक ताई तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहेत, केरळच्या, मराठी झकास बोलतात. त्या नाताळाला मुद्दाम रात्रपाळी मागून घेतात. खोलीवर एकटं बसण्यापेक्षा बाळंतिणींच्या वॉर्डात बरं, म्हणाल्या. आणि आमच्या शेजारच्या गावातली अंडीवाली सरळ म्हणाली, "माझा कसला नाताळ? बेकरीवाले जास्त अंडी उचलतात तेवढाच." ती ख्रिस्ती नाही, पण डिसेंबरच्या त्या पंधरवड्यात तिला श्वास घ्यायला वेळ नसतो. तिचंही उत्तर मी धरलंय.

एका सुनेचं माहेर हिंदू, सासर ख्रिस्ती. पहिली दोन-तीन वर्षं तिला नाताळाला रडू यायचं. ती सांगत होती तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या बाईने कशी काढली ते 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या पुस्तकात आहे. शाळेत फारसं न गेलेल्या बाईचं ते पुस्तक मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणलं जातं. गटाच्या वाचनालयात नसेल तर जरूर मागवा, हसता हसता डोळे पुसाल.

आता एक उत्तर असं, की सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. एक ताई चांदणी दारात लावत नाहीत, आतल्या खोलीत लावतात. का? "लोक विचारतात, किती पैसे मिळाले गं धर्म बदलायला." त्यांच्या पणजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती आहे, तरी हे ऐकावं लागतं. मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांनाही मिळाल्या. दलित ख्रिस्ती माणसांना त्या आजही मिळत नाहीत. म्हणजे पैसे मिळायचं राहिलं बाजूला, या घरांची सवलत गेली आणि गावातली वस्तीची जागा होती तीच राहिली. हे कळल्यावर तो टोमणा मला फार जड वाटला, कारण माझ्या स्वतःच्या घरात मी तो ऐकलेला आहे आणि गप्प बसलेली आहे.

मागच्या नोव्हेंबरच्या बैठकीत मी चार वर्षांचा दंड वाचून दाखवला. गप्पपणा झाला. मग एक काकू म्हणाल्या, नियम तो नियम, आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्या कारणं सांगतील. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, नियमावरच गट चालतो. दुसरी म्हणाली, २५ डिसेंबर तर आमच्यासाठीही मोठा दिवस आहे. १९२७ मध्ये त्याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली. अनेक संघटना तो स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. तिला कार्यक्रमाला जायचं असायचं आणि ती दर वर्षी बैठक उरकून, अर्धं ऐकायला पोचायची. तिनेही कधी सांगितलं नव्हतं! मग आमच्या मुस्लिम सदस्य हळूच म्हणाल्या, ईदचं पण बघा, तारीख चंद्रावर असते, आदल्या रात्री कळते.

तासभर वाद झाला. शेवटी ठराव लिहिला तो असा. डिसेंबरची बैठक २० तारखेला. कोणत्याही सदस्याचा मोठा सण बैठकीच्या दिवशी आला तर तिने आधीच्या बैठकीत सांगायचं, आणि कुणी सांगितलं नाही तरी सचिवाने विचारायचं. जानेवारीतच वर्षाचे सण वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढायचे. ईदच्या बाबतीत निरोप फोनवर चालेल. काकूंनीही अंगठा केला.

मावशींनी ४० रुपये परत घेतले नाहीत. वहीत खाडाखोड होते, म्हणाल्या. त्यापेक्षा चोवीसला रात्री देवळात या.

आम्ही तिघी गेलो. 'जय ख्रिस्त' म्हणून लोकांनी बसायला सतरंजी दिली. काकूही होत्या, त्यांनी पहिल्या पदाला टाळ धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. नातू अकराच्या सुमारास पेंगायला लागला आणि माझ्या मांडीवर झोपला, तेव्हा मोबाइल मीच धरला. एक पद संपलं तसा पलीकडून सुनेचा आवाज आला.

"कोण धरलाय फोन? पोरगा कुठंय?"

"झोपला. मी बोलतेय, गटाची सचिव."

"अगं बाई, ताई तुम्ही?" मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "बरं, आत्याबाईंनी शेळीचा हप्ता भरला का या महिन्याचा?"

म्हटलं, भरला. वीस तारखेलाच.

"मग ठेवू नका फोन. अजून एक गाणं होऊ द्या, गाडी यायला वेळ आहे."