दाबलेल्या बटणानें ओ द्यावी

शाळेंत हजेरी घेतांना मुलानें नांव ऐकतांच 'हजर' म्हणावें, असा माझा नियम होता. उत्तर आलें नाहीं, तर मास्तर तेंच नांव पुन्हां पुकारतात. मोबाइलवरील बटणाचीही गोष्ट अशीच आहे.

गेल्या जून महिन्यांत नातवाची फी भरण्यासाठीं मीं एका ॲपमधील 'पैसे भरा' हें बटण दाबलें. पडद्यावर कांहींच हाललें नाहीं. दाब नीट बसला नसेल, असें समजून मीं तें पुन्हां दाबलें. फी दोनदां गेली आणि पेन्शनचा मोठा भाग तीन आठवडे अडकून राहिला.

वास्तविक पहिल्या दाबासरशीं निरोप दूरच्या सर्व्हरकडे गेला होता. उत्तर तेवढें यावयाचें होतें. न्यून एवढेंच, कीं बटणानें ओ दिली नाहीं.

हा विचार जुना आहे. संगणकाच्या उत्तरास लागणाऱ्या वेळेविषयीं रॉबर्ट मिलर यांनीं १९६८ मध्यें निबंध लिहिला. १९९३ मध्यें जेकब नील्सन यांनीं आपल्या ग्रंथांत तीन मर्यादा सांगितल्या: ०.१ सेकंदांत आलेलें उत्तर तत्काळ वाटतें. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाहीं. १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जातें.

तेव्हां ॲप रचणारानें काय करावें? दाब लागतांच बटणावरच फिरतें लहान चक्र दाखवावें व 'पैसे पाठवीत आहों' असे शब्द लिहावेत. तेवढा वेळ दुसरा दाब स्वीकारूं नये. बटणाची रुंदी बदलूं नये. नाहीं तर भलतेंच बटण बोटाखालीं येतें. काम साधल्यास तसें सांगावें. फसल्यास कारण सांगून बटण पुन्हां मोकळें करावें. अंध माणसांना फोन पडदा वाचून दाखवितो. त्यानें ही अवस्थाही बोलून सांगावी.

मात्र एवढ्यानें भागत नाहीं. मध्येंच संपर्क तुटला, तर पैसे गेले कीं राहिले, हें ॲपलाही ठाऊक नसतें. अशा वेळीं 'व्यवहार फसला' असें न म्हणतां 'तपासून पाहत आहों' असें म्हणावें. शिवाय प्रत्येक व्यवहारास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा; म्हणजे तोच निरोप दुसऱ्यांदा आला, तरी सर्व्हर तो ओळखतो आणि पैसे एकदांच घेतो.

वर्गांत उत्तर आठवीत उभ्या राहिलेल्या मुलाला मीं कधीं घाई केली नाहीं. 'आठवतों आहें, गुरुजी' एवढें त्यानें म्हटलें कीं मी थांबत असें. बटणाकडूनही माझी याहून अधिक अपेक्षा नाहीं.