प्रकाशविद्युत परिणामाचं पान
पदवीच्या विद्यार्थ्यानं आधुनिक भौतिकीचं पाठ्यपुस्तक निवडताना आधी प्रकाशविद्युत परिणामाचं प्रकरण उघडावं. धातूवर पडणारा प्रकाश प्रखर केला तरी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा वाढत नाही, हे लेनार्डला १९०२ मध्ये दिसलं. प्रकाशाची वारंवारता वाढली की ही ऊर्जा सरळ रेषेत वाढते, असं सांगणारं आइनस्टाइनचं समीकरण १९०५ चं. वारंवारता आणि ऊर्जा यांची सरळ रेषा मिलिकननं काटेकोर मोजून छापली ती १९१६ मध्ये. काही पुस्तकं ती रेषा आधी दाखवतात आणि समीकरण तिच्यातूनच निघाल्याचा भास होतो. परीक्षेला गणितं येतात, इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण क्रम उलटला की समीकरणानं मोजमापाआधीच धाडसी भाकीत केलं होतं, ही गोष्टच हरवते; आणि सूत्रात आकडे घालणं तिच्याविनाही जमतं, म्हणून ही उणीव गुणपत्रिकेत दिसत नाही.