आरक्षण आहे म्हणजे मैदान वाचलं का?

आज बोलूया घराजवळच्या मोकळ्या जागेबद्दल. पोरं जिथे क्रिकेट खेळतात तिथे एका सकाळी पत्रे ठोकलेले दिसतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, "अहो, ही जागा तर मैदानासाठी आरक्षित होती ना?"

होती. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, खासगी जमिनीवर मैदान दाखवलं तरी ती जमीन मूळ मालकाचीच राहते. महापालिकेने ती मोबदला देऊन घ्यायची असते. मोबदला रोख असतो किंवा टीडीआर, म्हणजे त्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क.

आणि महापालिकेने जमीन घेतलीच नाही तर? इथे नगररचना कायद्याचं, म्हणजे 1966 च्या एमआरटीपी कायद्याचं, कलम 127 येतं. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली की मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. मग शेजारच्या प्लॉटवर जे बांधता येतं, ते इथेही बांधता येतं. नुसता ठराव करून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलंय. मालकाच्या बाजूने बघा, कुणाची जमीन अशी किती वर्षं अडकवून ठेवणार?

पुण्याचंच बघा. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर, सुमारे 978 हेक्टरवर, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं. आपण त्याला बीडीपी म्हणतो. टेकड्यांवर थोडं बांधकाम चालेल की अजिबात नको, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, हरकती भरल्या. शासनाची मंजुरी आली 2015 मध्ये. लोक रेटून बोलले म्हणून ती आली. पण आता त्यात दहा मिळवून बघा. टेकडी नकाशावर हिरवी आहे, पण जमीन ताब्यात किती आली, हा प्रश्न विचारत राहावंच लागणार.

मग रहिवाशांनी करायचं काय? आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते. आरक्षण बदलायचं असेल तर कलम 37 खाली महिनाभराची सूचना निघते. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा. ग्रुपवरचा राग फायलीत जात नाही, पोच असलेला कागद जातो. दुसरं, माहिती अधिकारात विचारा: जागा ताब्यात आहे का? कलम 127 ची नोटीस आली आहे का? कधी? नोटीस आली असेल तर नगरसेवकाकडे आजच जा, कारण बजेटमध्ये भूसंपादनाची तरतूद व्हायला वेळ लागतो.

"आमचा काय संबंध, जागा थोडीच आमची आहे?" असं कुणी म्हणालं, तर बंगळुरूचं उदाहरण सांगा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं, आणि दाद मागायचा रहिवाशांचा हक्कही मान्य केला.

पत्रे लागल्यावर धावपळ होतेच. त्याआधी या आठवड्यात एक करा: आपल्या वॉर्डाचा डीपी नकाशा उघडा, आपलं मैदान शोधा आणि आराखडा कोणत्या वर्षीचा आहे ते बघा. भेटूया पुढच्या भागात.